शब्द कळत नाहीत, गाणं मात्र सुटत नाही : सुरुवातीच्या आर.ई.एम.बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली वीस-पंचवीस वर्षं मी भेटेल त्याला आर.ई.एम. हा अमेरिकन रॉक बँड ऐकवत आलोय. काहींनी तिसऱ्या गाण्याला इयरफोन काढून परत दिले, काही जण कायमचे अडकले. प्रश्न मात्र दोघांचेही तेच असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मुख्यतः १९८० ते १९८५ या काळाबद्दल. पुढच्या काळावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आर.ई.एम. म्हणजे ‘लूझिंग माय रिलिजन’वालेच ना?

तेच. पण ते गाणं १९९१ चं, सातव्या अल्बममधलं. आपल्याकडे केबल टीव्ही नुकता घरोघरी येत होता आणि पंख लावलेला म्हातारा, देवादिकांसारखे रंगवलेले चेहरे असलेला तो व्हिडिओ बघूनच बहुतेकांनी या बँडचं नाव ऐकलं. तो व्हिडिओ आपल्याला ओळखीचा वाटतो, त्याला कारण आहे. दिग्दर्शक तरसेम सिंग जालंधरचा, आणि त्यातली काही दृश्यं सरळ आपल्या कॅलेंडरवरच्या देवांच्या चित्रांवरून घेतलेली आहेत. शीर्षकाचा धर्माशीही फारसा संबंध नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बोलीत त्याचा अर्थ ‘संयम सुटणं’ असा होतो.

ते गाणं मलाही आवडतं. पण त्यात गिटारवाला पीटर बक गिटारऐवजी मेंडोलिन वाजवतोय आणि गायक मायकल स्टाइपचा शब्द न् शब्द कळतो. या पानावरचा आर.ई.एम. तो नव्हे.

हे चौघे कोण, कुठले?

गाणारा मायकल स्टाइप, गिटारवर पीटर बक, बेसवर माइक मिल्स, ड्रम्सवर बिल बेरी. गाव ॲथेन्स, पण ग्रीसमधलं नव्हे, जॉर्जिया राज्यातलं. तिथल्या विद्यापीठाच्या जिवावर चालणारं. बक रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता आणि स्टाइप तिथे येणारं गिऱ्हाईक, शिकायला चित्रकला. मिल्स आणि बेरी मेकन गावचे, शाळेपासूनचे दोस्त. ५ एप्रिल १९८० ला एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, हे पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला उभे राहिले.

त्याच गावातून बी-५२ज आधीच बाहेर पडले होते आणि पायलॉन नावाचा बँड गावात जोरात होता. ॲथेन्समध्ये लोक पार्टीला येत ते नाचायला. सुरुवातीच्या आर.ई.एम.ला ‘गूढ’, ‘धूसर’ म्हणताना आपण विसरतो की ही गाणी आधी नाचणाऱ्या पोरापोरींच्या घामात तयार झालीत. बेरीचे ड्रम्स नीट ऐका, पाय हलतोच.

नावाचा अर्थ काय?

झोपेत डोळे भराभर हलतात त्या अवस्थेचं हे लघुरूप. स्टाइपने शब्दकोश उघडून सहज उचललं. त्याआधी जी नावं विचारात होती, त्यातलं एक इथे छापण्यासारखं नाही.

‘जँगली गिटार’ म्हणजे नेमकं काय? जंगली?

हा प्रश्न मला खरंच विचारला गेलाय, आणि देवनागरीत लिहिलं की तसंच दिसतं, त्यामुळे विचारणाऱ्याचा दोष नाही. जंगलाशी संबंध नाही. किल्ल्यांचा जुडगा हलवल्यावर, घुंगरू वाजल्यावर जो खुळखुळणारा, किणकिणता आवाज येतो, त्याला इंग्रजीत ‘जँगल’ म्हणतात. १९६५ मध्ये बर्ड्स या बँडने बॉब डिलनचं एक गाणं बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारवर वाजवून पहिल्या नंबरवर नेलं. त्या गाण्याच्या ओळीतच हा शब्द होता, आणि पुढे त्या आवाजालाच तो चिकटला.

आपल्या कानाला हा आवाज परका नाही. गायक मांडीवर स्वरमंडळ घेऊन बोट फिरवतो तेव्हा मोकळ्या तारा एकमेकींत मिसळत राहतात, तीच जात. बर्ड्सच्या रॉजर मॅग्विनने १९६६ च्या सुमाराला रविशंकरांच्या रेकॉर्डी घोटून ऐकल्या होत्या, म्हणजे नातं अगदीच हवेतलं नाही. बक स्वतः मात्र ‘बर्ड्सची नक्कल’ म्हटलं की वैतागायचा. त्याचं आणि बाकीच्यांचं प्रेम व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडवर जास्त. त्यांची तीन गाणी आर.ई.एम.ने स्वतः वाजवून ठेवलीत.

बक काय वाजवतो? मला घरी जमेल का?

जमेल, आणि तीच गंमत आहे. पहिला गैरसमज असा की ती बारा तारांची गिटार आहे. बहुतांशी नाही. काळी, सहा तारांची रिकनबॅकर ३६०.

गिटार घ्या आणि साधा डी कॉर्ड धरा, जो पहिल्या आठवड्यात शिकवतात. चौथी तार मोकळी, तिसरीवर दुसरा फ्रेट, दुसरीवर तिसरा, पहिलीवर दुसरा. आता सगळ्या तारांवरून झर्रकन हात फिरवू नका. पिकने एकेक तार छेडा : चौथी, तिसरी, दुसरी, पहिली, परत दुसरी, तिसरी. डावा हात जिथल्या तिथे. प्रत्येक तार पुढची वाजेपर्यंत नव्हे, तर तिला वाटेल तितका वेळ वाजू द्या. मग करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर टेका, काढा. नंतर त्या तारेवरचं बोटच उचला. कॉर्ड बदलला नाही, पण आत काहीतरी हलल्यासारखं वाटलं ना? ‘टॉक अबाउट द पॅशन’ किंवा ‘सेव्हन चायनीज ब्रदर्स’ ऐकताना जी झुळझुळ ऐकू येते, तिचं मूळ एवढंच. आवाज साफ ठेवायचा, डिस्टॉर्शन नको. बोट किंचित सैल पडलं तरी खरखर ऐकू येते, म्हणून सोपं आहे ते दिसायला.

आता घरी वाजवून बघाल तर गाणं पोकळ वाटेल. कारण खरी सुरावट बऱ्याचदा गिटारमध्ये नसतेच, ती मिल्सच्या बेसमध्ये असते. बक वरच्या पट्टीत खुळखुळत राहतो, खाली जागा मोकळी सोडतो आणि मिल्स त्या जागेत ठेका धरून बसायचं सोडून चक्क गातो. मला हे कळायला दहा वर्षं लागली. एका मित्राच्या गाडीत डावा स्पीकर बंद पडला होता. गिटार जवळजवळ गायब, आणि जे उरलं त्यात गाण्याची चाल शाबूत! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

सोलो का नाहीत?

बकला नको होते. रॉकमध्ये मधेच सगळ्यांनी बाजूला व्हायचं आणि गिटारवाल्याने दीड मिनिट डोळे मिटून बोटं पळवायची, हा रिवाज त्याने पाळला नाही.

मला हा बँड समजतो तो इथून. गिटार पुढे येत नाही, गायक पुढे येत नाही, मिल्स आणि बेरी मागून गातात तेव्हा कोणता आवाज मुख्य हेही धूसर होतं. रेकॉर्डवर गीतकार-संगीतकार म्हणून नेहमी चार नावं, वर्णानुक्रमे : बेरी, बक, मिल्स, स्टाइप. पैसेही समान वाटून. लोक खुळखुळणारी गिटार आणि पुटपुटणारा गायक ही दोन वेगळी वैशिष्ट्यं धरतात. माझ्या मते तो एकच निर्णय आहे, दोन ठिकाणी दिसणारा.

‘रेडिओ फ्री युरोप’च्या दोन आवृत्त्या आहेत. खरी कुठली?

पहिली १९८१ ची, हिब-टोन नावाच्या इवल्याशा कंपनीने काढलेली. ती ध्वनिमुद्रित झाली नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम इथे, मिच ईस्टरच्या आईवडिलांच्या गॅरेजमध्ये. गॅरेजला नाव मात्र ऐटीत, ड्राइव्ह-इन स्टुडिओ. दुसरी १९८३ ची, ‘मर्मर’ अल्बमची सुरुवात करणारी. थोडी संथ, जास्त नेटकी. पहिलीत चौघे उतारावरून धावत सुटल्यासारखे वाटतात, म्हणून माझं मत पहिलीला. ती नंतर १९८८ च्या ‘एपॉनिमस’ या संग्रहात आली, त्यामुळे शोधायला त्रास नाही.

शीर्षकातलं रेडिओ केंद्र खरं होतं. शीतयुद्धात अमेरिकेच्या पैशावर म्युनिकहून पूर्व युरोपात प्रसारण करायचं. म्हणून गाणं राजकीय असेल असं वाटतं. पण ध्वनिमुद्रणाच्या वेळी शब्द पुरते लिहूनच झाले नव्हते, हे स्टाइपने नंतर मोकळेपणी सांगितलंय.

स्टाइप काय म्हणतो तेच ऐकू येत नाही. माझं इंग्रजी कमी पडतंय का?

नाही हो. अमेरिकेत जन्मलेल्यांचीही तीच तऱ्हा होती. स्टाइप व्यंजनं गिळतो, स्वर लांबवतो, आणि ‘मर्मर’मध्ये त्याचा आवाज मुद्दाम वाद्यांच्या पातळीवर ठेवलाय. मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन या दोघा निर्मात्यांनी तो ‘सुधारला’ नाही, हे त्यांचे उपकार. त्यांच्याआधी कंपनीने एका दुसऱ्या निर्मात्याबरोबर एक गाणं करून पाहिलं होतं. त्याने चौघांकडून तेच तेच पुन्हा वाजवून घेतलं आणि वर कीबोर्ड चढवला. बँडने हात जोडले आणि परत ईस्टरकडे गेला.

अल्बमच्या कव्हरवर शब्द छापायचे नाहीत, हा तर नियमच. १९८८ च्या ‘ग्रीन’वर पहिल्यांदा एका, फक्त एका गाण्याचे शब्द छापले. सगळ्या गाण्यांचे छापायला १९९८ उजाडलं.

आमच्या घरी माझा मावसभाऊ आणि मी ‘सिटिंग स्टिल’चे शब्द दोनशे पानी वहीत उतरवत होतो. दोन ओळी ऐकायच्या, कॅसेट थांबवायची, भांडायचं, मागे घ्यायची. ती फीत तेवढ्याच जागी झिजून तिथे आवाज बसला. पुढे इंटरनेट आल्यावर ताडून पाहिलं तर आमचे दोघांचेही शब्द चुकलेले, आणि दोन वेगवेगळ्या साइटवरचे शब्द एकमेकांशी जुळेनात!

तरी आपण मराठी माणसांनी यात बिचकायचं कारण काय? लहानपणी किती वर्षं ‘संकटी पावावे’च्या जागी ‘संकष्टी पावावे’ म्हटलं? ‘फणिवर बंधना’ची ‘फळीवर वंदना’ केली, ‘दीपज्योती’च्या जागी कुणी दीपक जोशी आणला. टाळ तर बरोबर पडत होते. भक्तीत काही उणं आलं नाही. आरती शब्दांच्या अर्थातून आधी आत गेलीच नव्हती. ती गेली चालीतून, शेजारच्याच्या आवाजातून, कापराच्या वासातून. अर्थ मागाहून, कधीतरी सातवी-आठवीत. स्टाइपही तसाच आत येतो.

म्हणजे शब्दांना अर्थच नाही?

असं सरसकट नाही. ‘(डोन्ट गो बॅक टू) रॉकव्हिल’ घ्या. ते मिल्सचं गाणं, मेरीलँडमधल्या त्या गावी परत जाणाऱ्या मुलीची केलेली विनवणी. काही लपवलेलं नाही. ‘कॅमेरा’ अपघातात गेलेल्या एका फोटोग्राफर मैत्रिणीच्या आठवणीत लिहिलंय. हे माहीत नसतानाही ऐकणाऱ्याचा आवाज खाली येतो. ‘टॉक अबाउट द पॅशन’ भुकेवर आहे म्हणतात. पण त्यात शब्दच मूठभर, एक ओळ चक्क फ्रेंच, आणि खालून चेलो. ‘भूक’ शोधायला निघालात तर हाताला फार थोडं लागेल.

‘लाफिंग’मध्ये लाओकून येतो, सापांनी मुलांसकट विळखा घातलेला ग्रीक कथेतला पुरोहित. स्टाइप त्याला बाई करून टाकतो. का? माहीत असल्याशिवाय अडतं का? मला तरी त्या एका बदलाने गाणं घरात आल्यासारखं वाटतं. पुराणातला पुरुष जाऊन दोन मुलं सांभाळणारी आई उरते.

आणि ‘गार्डनिंग ॲट नाइट’. यावर लोकांनी निबंध पाडलेत. बँडमधून आलेला किस्सा असा की रात्रीच्या प्रवासात गाडी थांबवून रस्त्याकडेला लघुशंकेला जाण्याला हे सभ्य नाव दिलं होतं. गाणं त्याबद्दल आहे असं नाही. शब्द तिथून उचलला आणि लावला दुसरीकडेच.

आपल्याकडे कूट अभंगांची परंपरा आहे. वरवर वेडंवाकडं, पण किल्ली सापडली की कुलूप उघडतं. कीर्तनकार ते उलगडून दाखवतात. स्टाइपच्या शब्दांना तशी किल्ली नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. काही ओळी खरोखर सुंदर, काही नुसत्या तोंडात छान घोळतात म्हणून ठेवलेल्या, आणि काही, माझ्या मते, वेळेत सुचलं नाही म्हणून राहिलेल्या. या तिसऱ्या प्रकाराला खोली चिकटवू नये. दुर्बोध म्हणजे थोर, हा हिशेब आपण कवितेतही करून पस्तावलोय.

‘मर्मर’च्या कव्हरवर ते काय आहे? राख? जाळं?

वेल. नाव कुडझू, मूळची जपानची. १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनातून अमेरिकेत पोचली, पुढे १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबावी म्हणून सरकारनेच लावायला लावली, आणि तिने अमेरिकेचा दक्षिण भाग गिळायला घेतला. झाडं, विजेचे खांब, पडकी घरं, सगळ्यावर एकच हिरवी गोधडी. आपल्याकडे घाणेरीने माळ व्यापलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना चित्र डोळ्यांपुढे येईल. कव्हरवर ती वाळलेली, करड्या रंगाची आहे, आतला आकार दिसतो न दिसतो असा. अल्बमच्या आवाजाचं इतकं चपखल चित्र मी दुसरं पाहिलं नाही. मागच्या बाजूला ॲथेन्समधला लाकडी रेल्वेपूल आहे.

‘मर्मर’मध्ये अशा झाकलेल्या गोष्टी खूप आहेत. ‘वी वॉक’मध्ये दूर गडगडल्यासारखं काहीतरी वाजतं. ते बिलियर्डच्या चेंडूंची टक्कर ध्वनिमुद्रित करून तिचा वेग कमी केलेला आवाज आहे. ‘परफेक्ट सर्कल’मध्ये दोन पियानो एकच चाल वाजवतात, एक चांगला आणि एक जरा उतरलेला, त्या दोघांतल्या फटीतच ते गाणं राहतं.

दक्षिणेचा एवढा उल्लेख का होतो?

कारण ही माणसं तिथली आहेत आणि ते लपवत नाहीत, मिरवतही नाहीत. ‘रेकनिंग’ या दुसऱ्या अल्बमच्या कव्हरवरचा साप जॉर्जियातल्या हॉवर्ड फिन्स्टर या स्वयंशिक्षित धर्मोपदेशक-चित्रकाराच्या हातचा. १९८५ चा ‘फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन’ तर गावातल्या विक्षिप्त माणसांचा अल्बम. गंमत म्हणजे तो केला लंडनमध्ये, ऐन थंडीपावसात, निर्माता जो बॉइड याच्याबरोबर. सगळे वैतागलेले होते, आणि बहुधा म्हणूनच घराची आठवण इतकी दाट उतरली.

त्यातलं ‘लाइफ अँड हाउ टू लिव्ह इट’. स्टाइपने मैफलींत सांगितलेली गोष्ट अशी : ॲथेन्समधल्या एका माणसाने आपलं घर मधोमध विभागलं होतं. दोन्हीकडे सामान वेगळं, पुस्तकं वेगळी. एका बाजूला राहून कंटाळा आला की दुसऱ्या बाजूला जाऊन राहायचं. तो गेल्यावर कपाट उघडलं तर आत त्याने स्वतः छापलेल्या एकाच पुस्तकाच्या शेकडो प्रती. एकही कुणाला दिलेली नाही. हे माहीत नसताना मला ते गाणं नुसतं वेगवान वाटायचं. आता बकची सुरुवातीची गिटार ऐकली की कुणीतरी या दारातून त्या दारात येरझाऱ्या घालतंय असं वाटतं.

१९८३ मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला मागे टाकलं, खरं का?

‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘मर्मर’ निवडला, हे खरं. विक्रीत मागे टाकलं असं कुणी सांगितलं तर हसा. ‘मर्मर’ अमेरिकेच्या यादीत ३६ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. बँड तेव्हाही व्हॅनमधून गावोगाव हिंडत होता आणि विद्यापीठांची रेडिओ केंद्रं त्याला वाजवत होती. त्या संगीताला ‘कॉलेज रॉक’ म्हणत. ‘अल्टरनेटिव्ह’ हा शिक्का नंतर रुळला. त्याच ऑक्टोबरात डेव्हिड लेटरमनच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात त्यांनी एक गाणं वाजवलं, ज्याला अजून नावही नव्हतं. लेटरमन बक आणि मिल्सशी बोलत असताना स्टाइप मागे ड्रम्सजवळ जाऊन बसला होता. पुढे ते गाणं ‘सो. सेंट्रल रेन’ झालं.

सुरुवात कुठून करू?

सगळे ‘मर्मर’ सांगतील. मी ‘रेकनिंग’ सांगेन, १९८४ चा. खिडक्या जास्त उघड्या आहेत त्याला. मग ‘क्रॉनिक टाउन’ ही पाच गाण्यांची ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड. ‘मर्मर’ तिसरा, आणि तो रात्री, हेडफोनवर, सलग. ‘फेबल्स’ पावसाळ्यासाठी ठेवा. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीही ऐकू नका, बेस जातो आणि मग उरतं काय!

पुढे शब्द स्पष्ट का झाले?

१९८६ च्या ‘लाइफ्स रिच पेजंट’ला डॉन गेमन निर्माता होता. तो स्टाइपला सरळ विचारायचा, याचा अर्थ काय? स्टाइपलाही तोवर म्हणण्यासारखं काही सापडलं होतं, पर्यावरण, राजकारण. अल्बम चांगलाच आहे. माझं मन मागे राहिलं, तो माझा प्रश्न.

अजून वाजवतात का?

बेरी १९९७ मध्ये बाहेर पडला, उरलेल्यांनी २०११ मध्ये न भांडता थांबायचं ठरवलं. जून २०२४ मध्ये गीतकारांच्या हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात चौघे एका गाण्यापुरते एकत्र आले.

कॉलेजच्या बँडमध्ये ‘सेव्हन चायनीज ब्रदर्स’ बसवतोय. शब्द कुठून घेऊ?

कुठूनही. थट्टा नाही. ‘रेकनिंग’च्या वेळी याच गाण्यात स्टाइपचा सूर लागत नव्हता. डॉन डिक्सनने स्टुडिओत पडलेली एक जुनी गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांची रेकॉर्ड त्याच्या हातात दिली. स्टाइपने तिच्या कव्हरमागचा मजकूर, गायकांची नावं आणि स्तुतीसकट, त्याच चालीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन टाकला. ते ‘व्हॉइस ऑफ हॅरल्ड’ नावाने १९८७ च्या ‘डेड लेटर ऑफिस’मध्ये आहे. काही दिवस मला तेच मूळ गाण्यापेक्षा जास्त आवडायचं.

तेव्हा शब्दांची काळजी सोडा. गिटारवाल्याला म्हणावं, तारा दाबून आवाज बंद करू नकोस. आणि बेसवाला गाऊ शकतो का ते आधी बघा. तो मागचा आवाज नसेल तर दुसरं गाणं निवडा.